पाठराखणीची जादा भाकरी

प्रिय लता,

तू गेल्याला वर्ष होत आलं. आज लिहायला बसलेय ती रडायला नव्हे, विचारायला. आपल्या सुभाषच्या मनीषाचं लग्न ठरलंय. काल ती म्हणाली, "आत्या, माझ्याबरोबर सासरी पाठराखीण म्हणून तूच यायचंस." मी विचारलं, "म्हणजे नेमकं करायचं काय?" सगळं घर हसलं. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई आणि एवढं ठाऊक नाही!

कसं असणार? तुझ्या लग्नात कुणी सांगितलं होतं मला? तांब्या-नारळ घेऊन तुझ्या मागं करवली म्हणून मिरवली ती चुलत बहीण. माझ्या हातात तुझी बॅग दिली आणि म्हणाले, तू पाठराखीण म्हणून जा! कॉन्व्हेंटमधल्या गोष्टींतल्या ब्राइडस्मेडचं काम चर्चच्या दारात संपायचं. मला वाटलं, माझं कुरुंदवाडला तुझ्या सासरच्या उंबऱ्यात संपलं. बॅग ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठलं.

"राहा की गं आक्का," तू म्हणालीस.

"रजा एकाच दिवसाची आहे."

आणखी एकदा म्हणायचं होतंस ना!

काल शेवटी शेजारच्या काशीकाकूंनी माझी शिकवणी घेतली. "नवी नवरी लाजती. वाढाय आलं की नको नको म्हणती. मग पाठराखणीनं मोठ्यानं म्हणायचं, मला आणि एक भाकरी वाढा. नि हळूच नवरीच्या ताटात सारायची. खादाड म्हणू देत की! आपल्याला कुठं नांदायचंय तितं?"

लता, तेव्हा आठवलं. तिसऱ्या दिवशी तू माहेरी आलीस आणि साडीसुद्धा न बदलता ओट्यापाशी उभ्या उभ्या तीन भाकऱ्या खाल्ल्यास. "काय गं, सासरी उपाशी ठेवलं काय?" असं म्हणून सगळ्यांना हसवणारी मीच! तूही हसलीस, तोंडात घास असताना.

काय खाल्लंस गं ते तीन दिवस? पोट भरलं का, कुणी विचारलं? आणि इतक्या वर्षांत मला एका शब्दानं बोलली कशी नाहीस? भांडायचं होतंस!

मनीषाला मी हो म्हटलंय. चार दिवसांचे कपडे भरलेत. तिच्या शेजारी जेवायला बसेन आणि भाकरी मागेन, सबंध घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. हसतील. हसू देत. या वेळी मला हसतील.

तुझी,
बॅग ठेवून परत आलेली
आक्का