ऐंशीवरची सुई

१४ सप्टेंबर, रविवार
प्रवीणने ट्रकमध्ये गेज बसवले. तीन. टेम्परेचर, ऑइल, बॅटरी. निळा लाइट. प्रवीण म्हणजे माझा साडू, शीतलच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ट्रक त्याने माझ्यानंतर घेतला, तोही सेकंडहँड. आज अर्धं भीमपूर त्याच्या केबिनमध्ये बसून आलं. माझी बायको शीतलही. भाऊ, तुमीबी या ना वर, म्हणाला. मी चढलो नाही. खालून खिडकीतून पाहिलं तेवढं पुरे.
मला हेवा वगैरे वाटत नाही.

१५ सप्टेंबर
झोप नाही. मीही गेज बसवणार. चार.
कारण सेफ्टी. सासरेबुवांच्या कापसाची पहिली गाडी दरवर्षी आदिलाबादच्या मार्केटला मीच नेतो. थोरल्या जावयाचा मान. सासरेबुवा पांडुरंगराव फेटा बांधून माझ्या शेजारी बसतात, गेटवर सगळे रामराम घालतात. काल ते इथेच होते. प्रवीणच्या गाडीकडे जरा जास्तच वेळ पाहत होते.
मेकॅनिक नको. प्रवीणने स्वतः बसवले, म्हणजे कुणालाही जमेल.

१७ सप्टेंबर
आदिलाबादहून गेज आणले. दुकानदार म्हणे, दिखानेवाला चाहिए या चलनेवाला. मी म्हटलं, दोनो. लाल लाइटचे घेतले. निळ्यापेक्षा लांबून दिसतात.

२१ सप्टेंबर, रविवार
काम सुरू. व्हिडिओ तेलुगूत आहे. तेलुगू मला येतं, पण हा माणूस तिकडचा, खाली आंध्रातला, फार भरभर बोलतो. डॅशबोर्डला चार भोकं पाडली. पाचवं चुकून पडलं, त्यात उदबत्ती लावता येईल. टेस्टिंग केलं. ब्रेक दाबला की वायपर फिरतो. बाकी ओके.

२३ सप्टेंबर
वायपरचं मिटलं. आता डावा इंडिकेटर दिला की रेडिओ बंद होतो. डावीकडे फारसं वळायचं नसतंच.
शीतल म्हणे, काऊन एवढं जीवाले लावून घेऊन राह्यले तुमी, रेडिओ तरी चांगला होता. मग म्हणे, प्रवीणभाऊचे गेज तं… मी उठून बाहेर गेलो.

२६ सप्टेंबर
चारही गेज चालू! एकट्याने केलं.
प्रॉब्लेम एकच. तामसी गावापर्यंत जाऊन आलो तर टेम्परेचरची सुई लाल पट्ट्यात. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, परत लाल. गेज खोटं निघालं. दुकानदाराने फसवलं.
येताना मुद्दाम प्रवीणच्या दारावरून आलो. त्याची गाडी कालपासून उभी, चावी काढलेली, तरी सुई ऐंशीवर. हलत नाही. क्वालिटी म्हणतात ती ही. त्याला बरोबर चांगला माल मिळतो. खरं लिहायचं तर पोटात दुखलं. जेवलो नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीची पूजा. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. शीतल गेजना हळदकुंकू लावू लागली आणि मला सुचलं. तिचा हात धरून बोट टेम्परेचरच्या काचेवर टेकवलं, बरोबर लाल पट्ट्यावर. म्हटलं, इथे मोठं लाव. ओलं, घट्ट. पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल. तोवर सुई लाल पट्ट्यात शिरली की दिसायची नाही.
प्रवीणच्या गेजना नुसते ठिपके होते. श्रद्धा कमी.

२६ ऑक्टोबर, रविवार
सासरेबुवांच्या शेतात कापूस वेचणीआधीचं सीतादही झालं. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, वेचणी सुरू. पहिली गाडी राजकुमारचीच, म्हणजे माझीच, सासरेबुवा सगळ्यांसमोर म्हणाले. मी प्रवीणकडे पाहिलं. तो दहीभात खात होता. मग सासरेबुवांनी विचारलं, गाडी तापत तं नाही ना? मी गेज दाखवलं. कुंकू पाहून त्यांनी हात जोडले.
जाताना प्रवीण म्हणाला, भाऊ, रेडिएटर एकडाव पाहून घ्या, खालून पाणी ठिपकून राह्यलं. जळतो मेला.

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळ
कापूस भरला. सासरेबुवांचा नवा फेटा. सुई कुंकवाआड आहे, म्हणजे सगळं व्यवस्थित. निघतो.

संध्याकाळ
तामसीच्या पुढे बॉनेटमधून वाफ. मग एक आवाज आला. मग इंजिन जाम.
चावी चालूच होती. सासरेबुवांनी उपरण्याच्या टोकाने कुंकू पुसलं. सुई लाल पट्ट्याच्या पार शेवटाला टेकलेली. म्हणाले, हे तं खरं सांगून राह्यलं होतं बापा.
प्रवीणला फोन त्यांनीच केला. तो रिकामी गाडी घेऊन आला. रस्त्यावर सगळा कापूस त्याच्या गाडीत भरला. मलाही त्याच्या केबिनमध्ये चढावं लागलं.
वाटेत चहाला थांबलो. चावी प्रवीणच्या खिशात आणि सुई ऐंशीवर. मला राहवलं नाही, विचारलं. म्हणे, कनेक्शनच नाही भाऊ. पोरीले निळा लाइट आवडते म्हून लावले, लाइटापुरते. पहिल्याच दिवशी सगळ्यायले केबिनमंदी बसवून सांगितलं. तुमी वर चढलेच नाही.
सासरेबुवा हसले असते तर बरं वाटलं असतं.
गेटवर सगळ्यांनी रामराम घातला. प्रवीणला.

११ नोव्हेंबर
शीतलला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणे, तं काय. मग सांगितलं काऊन नाही? म्हणे, सांगतच होती, प्रवीणभाऊचं नाव घेतलं का तुमी उठून जाता.
ट्रक गॅरेजमध्ये आहे. पूर्ण इंजिन खोलावं लागेल. मेकॅनिक म्हणाला, गेजचं फिटिंग कोणी केलं, एकदम करेक्ट आहे. मी सांगितलं नाही.
सासरेबुवांचा निरोप आला. पुढच्या वर्षीपासून पहिली गाडी प्रवीणची. मीही यावं म्हणे, मधल्या सीटवर जागा आहे. तिथून गेज चांगले दिसतात.