डाव्या हाताचा कॅरम

घाटकोपर, ५ जुलै १९८४

चि. सौ. सुलक्षणास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लोणच्याला बुरशी आली. मिठाला अजून तशीच कंजूष आहेस.

अर्धांगानंतर ह्यांची वाचा आणि उजवा हात गेला, ते काही परत येत नाही. डॉक्टर म्हणतात, डावा हात आणि डोकं कामात ठेवा, नाहीतर उरलंय तेही जाईल. म्हणून कॅरम काढला. मिलच्या स्पर्धा गाजवलेला माणूस गं, आणि डाव्या हाताने सोडलेला स्ट्रायकर सोंगटीपर्यंत पोचेना. मला बघवेना. मी मुद्दाम नेम चुकवू लागले. ते जिंकू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं. स्ट्रायकर खाली टाकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते आता जेवायलाही वळत नाहीत. असेच विझणार का गं हे?

तुझी,
सौ. वनमाला

बोरिवली, ९ जुलै १९८४

ती. सौ. ताईस,
सुलूचा शि. सा. न.

पुढच्या वेळी मीठ तूच घालायला ये.

आपल्या सिस्टर बेनेडिक्टा आठवतात? मी गणितात ढ, म्हणून दया येऊन मला धाकट्या वर्गाच्या बेरजा द्यायच्या. मी पाटी कोरी ठेवायचे. मग चिडून त्यांनी मोठ्या वर्गाचं गणित दिलं, तर मी पाटीवर फुलं काढत बसले. जे जरा झटलं तर जमेल असं वाटायचं, त्या गणितापायी मात्र मी डबा खायला विसरायचे.

भावोजींना फुकटची जीत नको. पण तू खरी खेळलीस तर ते कधीच जिंकणार नाहीत, आणि हे त्यांनाही कळतं. तेव्हा तूही डाव्या हाताने खेळ. खेळ मात्र मनापासून.

आगाऊपणा पोटात घाल आणि माया तशीच ठेव.

तुझी,
सुलू

घाटकोपर, २७ ऑगस्ट १९८४

चि. सौ. सुलूस आशीर्वाद.

ह्यांच्या दिवसांना आलीस, पण माणसांच्या गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

खांद्यावरून मागे माझा डावा हात बघून ते घशातल्या घशात हसले, आणि वळले. एकेका सोंगटीसाठी कपाळावर घाम यायचा. मी हरायचे ती खरीच हरायचे. पुढे डॉक्टर म्हणाले, एवढा ताण नको. मी बोर्ड उचलायला गेले, तर ह्यांनी मनगट धरलं. मी ठेवला तसाच.

त्या दुपारी दोघांची एकेकच सोंगटी उरली होती. माझी आधी गेली. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा मांड. मी मांडला आणि पावडर आणायला आत गेले. परत आले तेव्हा मान कलली होती.

जाऊबाई म्हणतात, शेवटचा तरी जिंकू द्यायचास. डॉक्टर काहीच म्हणत नाहीत, त्याचीच भीती वाटते. तू मात्र स्वतःला बोल लावू नकोस. येत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.

बोर्ड अजून मांडलेलाच आहे. फोडायची पाळी त्यांची होती.

तुझी ताई,
वनमाला