अनुमानाच्या तासाने मोडलेली सोयरीक

मुक्काम अमडापूर, माघ वद्य तृतीया, शके १८५३

राजमान्य राजश्री भगवंतराव पटवारी, वस्ती सुलतानपूर, यांस त्र्यंबक मास्तराचे अनेक नमस्कार. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून सर्व. तुमचा खोकला बरा झाला असल्यास तसे ताबडतोब कळवावे. बरा झाला नसल्यास तुमच्या भगिनीस, म्हणजे आमच्या कुटुंबास, मुळीच कळवू नये. अडुळशाचा काढा करून ठेवलेला आहे आणि तो घेऊन तुमच्याकडे यायला ती निमित्तच शोधत आहे. (मी तो परवा चाखला. असला काढा घरात आहे हे ऐकूनच खोकला जावा, प्यायची वेळ येऊ नये.) चिरंजीव पहिलीत नापास झाला असे ऐकले. काळजी करू नये. तुम्ही व मी एकाच पाठशाळेत होतो आणि तुम्ही तेच शब्दरूप किती वर्षे घोकत होता हे मी अजून त्याच्या आत्याला सांगितलेले नाही.

आता मुख्य वर्तमान. तुमच्या गावचे उत्तमराव पाटील गेल्या रविवारी आमच्या हिंमतराव पाटलांची मुलगी कोकिळा पाहायला मुलाला, म्हणजे किसनला, घेऊन आले होते आणि पुरणपोळी ताटात वाढलेली असताना न जेवता परत गेले, हे तुम्हाला कळलेच असेल. काऊन गेले हे मात्र उत्तमराव कोणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. माझ्यामुळे गेले. हिंमतरावांनी मला अमावास्येपर्यंत मुदत दिली आहे. तोवर सोयरीक पुन्हा जुळली तर ठीक, नाहीतर मी स्वतःच्या हाताने बदलीचा अर्ज लिहायचा, आणि तोही असा की साहेबाला वाचताना दया यावी.

झाले ते असे. मार्गशीर्षात शाळातपासणीला साहेब आले. मुलांनी वाचनमालेतला धडा घडाघडा म्हणून दाखवला. साहेब म्हणाले, हे तर लिहिलेलेच आहे, आता जे लिहिलेले नाही ते सांगा. चौथीत मोतीराम माळ्याचा कडूबा म्हणून बारा वर्षांचा एक विद्वान आहे. तो उभा राहिला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “साहेब, लई काई नाई लिहेल. सुरू कुठून करू?” साहेबांनी शेऱ्यात लिहिले की मुले वाचतात पण तर्क करीत नाहीत, सबब मास्तरांनी गोष्ट वाचताना अनुमान करण्यास शिकवावे. भगवंतराव, मला हसू आले. ज्याने गुरुजींच्या पायाशी बसून सहा वर्षे न्यायशास्त्र पाठ केले (त्यातली दोन वर्षे तुमच्याऐवजी) त्याला अनुमान शिकवायला सांगतात! मी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे काय आहे? कडूबा म्हणाला, धुकं असन. मी म्हणालो, धुके नाही, धूरच आहे. तर तो म्हणाला, गुरुजी, तुमाले एवढं ठाव हाये तं मंग आमाले काऊन इचारता? दोन हजार वर्षांत हा प्रश्न कोणत्याही पंडिताला कसा पडला नाही याचे मला त्या दिवसापासून आश्चर्य वाटते आहे.

मग मी डोंगर सोडला आणि स्वतःच एक छोटी गोष्ट रचून फळ्यावर लिहिली. एक म्हातारी रोज दोन भाकरी भाजत असे. एका सकाळी तिने एकच भाजली आणि ती बराच वेळ दाराकडे पाहत बसली. एवढीच गोष्ट. (मला वाटले होते, वर्गात कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल.) विचारले, यात न लिहिलेले काय आहे? एक म्हणाला, पीठ सरलं. दुसरा म्हणाला, दात पडले, दोन खाववत नसतील. तिसरा म्हणाला, एकादशी असन, त्यावर चौथा त्याच्या अंगावर धावून गेला, “अबे, एकादशी असती तं एकबी काऊन भाजली असती बे?” आणि या मुद्द्यावर वर्गाचे दोन तट पडले ते मधल्या सुट्टीपर्यंत. मी शेवटी सांगून टाकले की तिचा मुलगा घर सोडून गेला आहे. कडूबाने हात वर केला. म्हणाला, मुलगा दूर गेला तं म्हातारी त्याच्यासाठी शिदोरी बांधन, म्हणजे त्या दिवशी चार भाकरी भाजन. एक भाजली, म्हणजे तो सांगून गेला नाई, राती पळाला. मी तोपर्यंत, मीच गोष्ट रचलेली असूनही, हा विचार केलेला नव्हता. त्या मुलाला मी वीसपैकी वीस दिले आणि तीच माझी चूक झाली.

कारण त्यानंतर मी पद्धत घालून दिली. आधी डोळ्यांना दिसते ते पाटीवर लिहायचे, त्याखाली आपल्याला आधीच ठाऊक असते ते, आणि दोन्ही मिळून निघते ते सगळ्यात खाली. गोष्टी संपल्या तेव्हा मुलांनी गाव वाचायला घेतले. अंबूबाईच्या दारात दोन दिवस रांगोळी नाही, यावरून ती माहेरी गेली असे एकाने लिहिले. ती गेलेली नव्हती. सासूने रांगोळीचा डबा लपवला होता, हे तिने स्वतः शाळेत येऊन, सासूला बरोबर आणून, दोघींच्या तोंडून एकाच वेळी सांगितले. गुरुजी सुट्टीत फुटाणे खातात, यावरून त्यांच्या घरी चूल पेटली नाही, यावरून घरी भांडण झाले, असे दुसऱ्याने लिहिले. (अनुमान बिनचूक होते. मी त्याला शून्य दिले.)

ही कीर्ती हिंमतरावांच्या कानावर गेली. तुम्ही त्यांना ओळखता. गावात काही नवे निघाले की ते आपल्या ओसरीवर आधी आले पाहिजे. कोकिळेला पाहायला सुलतानपूरचे लोक येणार हे ठरलेले होते. त्यांनी मला बोलावून म्हटले, “मास्तर, पोरीले पाहायले सारं गाव येते. चालून दाखव, सुई ओवून दाखव. पोराले कोन पाह्यते? तुमच्या पोट्ट्यायले पाट्या घेऊन बसवा ओसरीवर.” मी म्हणालो, पाटीलसाहेब, हे शास्त्र गोष्टीपुरते आहे. ते म्हणाले, लगीन काय गोष्टीहून कमी हाये का? यावर मला उत्तर सुचले नाही आणि जो मनुष्य पाटलाला उत्तर देऊ शकत नाही त्याने त्याच्या ओसरीवर अकरा मुले नेऊन बसवणे एवढेच शिल्लक राहते.

रविवारी सकाळी तुमच्या गावच्या दोन दमण्यांचे बैल दारात सुटले. जोडे काढून ठेवतात त्या बाजूला मुले रांगेत बसली होती. उत्तमरावांना वाटले, गावाने स्वागताला शाळा आणली. त्यांनी मुलांना नमस्कार केला, मुलांनी तो पाटीवर लिहिला. पाहुणे बसले, चहा आला, कोकिळा आली, तिने तबक ठेवले, ती आत गेली. सगळे यथासांग चालले होते. मी मनात म्हणालो, आता मुले उठतील, पाट्या पुसतील आणि मला पुरणपोळी मिळेल. तोच हिंमतराव मोठ्या कौतुकाने म्हणाले, वाच रे कडूबा, पाहुण्यायले समजू दे आमची शाळा कशी हाये.

कडूबाने वाचले. शाळेत मी त्याला स्वच्छ उच्चार शिकवलेले आहेत. शिकवले नसते तर काही वाक्ये तरी हवेत विरली असती. “नवरदेव लंगडते, म्हणून त्याचा एक पाय आखूड हाये. नवरदेव कानापर्यंत टोपी घालून बसला, उकडते तरी काढत नाई, म्हणून तो टकला हाये. कोटाच्या बाह्या बोटावर आल्या, म्हणून कोट दुसऱ्याचा हाये.” मग सगळे एकदम बोलू लागले. पाय आखूड नव्हता, नवा जोडा चावत होता. किसनने तो उचलून सगळ्यांना दाखवला. उत्तमरावांनी, “हा टकल्या म्हन्ते माह्या पोराले?” असे ओरडत स्वतःच्या हाताने मुलाची टोपी खेचली. केस होते. पण डाव्या बाजूलाच होते. न्हाव्याने उजवी बाजू कापून होते न होते तोच वडिलांनी दमणी जुंपली म्हणून हाक मारली आणि सुलतानपुरात उत्तमरावांची हाक आली की न्हावीही थांबतो, असे दिसते. कडूबाने पाटीकडे पाहिले, किसनकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “म्हंजे अर्धं बरोबर आलं.” दाराआड कोकिळा फस्सकन हसली. आणि भगवंतराव, अर्ध्या केसांचा तुमचा किसनही हसला. हसले नाहीत ते फक्त दोघे बाप. पाच मिनिटांत दमण्या जुंपल्या गेल्या.

त्या गडबडीत पाटीवरची चौथी ओळ कोणी ऐकलीच नाही. मी संध्याकाळी ती वाचली. “नवरदेवानं चहा सरल्यावर रिकामा कप तीनदा तोंडाला लावला, आन् तीनई बार दाराकडं पाह्यलं, म्हणून त्याले पोरगी पसंत हाये.” त्या मुलाच्या चार अनुमानांत माझ्या मते हे सर्वांत शुद्ध, आणि नेमके ते ऐकायला ओसरीवर कोणी उरले नव्हते. कोकिळेची आई मंजुळाबाई तुमच्या भगिनीपाशी येऊन सांगून गेली की पोरगी त्या दिवसापासून धड जेवत नाही, वर विचारले की हसते. सोळा वर्षांच्या मुलीने जेवू नये आणि हसावे यावरून काय निघते हे मी वर्गात विचारलेले नाही.

कोटाचे म्हणाल तर तुमच्या भगिनीने तो दमणी सुटताना पाहिला. तुम्ही भाऊबीजेला आला होता तेव्हा तिसरे बटण तुटले आणि घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून तिने ते निळ्या दोऱ्याने शिवून दिले होते. तोच निळा दोरा. तेव्हा या सोयरिकीत तुम्ही अंगाने नसला तरी कोटाने हजर होता, हे तुम्ही नाकारू नये. मी हिंमतरावांना काही बोललो नाही. तुमची भगिनीही बोलली नाही, पण काढ्यात तिने आज मिरी वाढवली आहे.

बाकी सर्व क्षेम. तुमच्या मातोश्रींस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद, आणि तुम्हाला कोट परत मिळाला असल्यास अभिनंदन.

आपला,
त्र्यंबक

ता. क. – हे पत्र केवळ तुमची खुशाली विचारण्यासाठी लिहिले आहे. पण तुम्ही रोज संध्याकाळी उत्तमरावांच्या पारावर बसताच, तर सहज बोलता बोलता त्यांना सांगावे की ती पोरांची वाचनाची परीक्षा होती आणि मास्तराने सगळ्यांना नापास केले आहे.

दुसरा ता. क. – टपाल उद्या जाणार म्हणून पत्र उघडे ठेवले होते. आज येथे आठवडी बाजार. सकाळी पाहतो तो तुमचा किसन एकटा हजर, दुसरी बाजू कापून. म्हणतो, बैल घ्यायला आलो. बैलबाजार पाटलाच्या ओसरीसमोरच भरतो. तो मोतीराम माळ्याच्या बैलापाशी दोन प्रहर उभा होता. शेवटी हिंमतराव ओसरीवरून उतरून माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, हा पोरगा बैल घेऊन राह्यला म्हन्ते, आन् बैलाकडं पाठ करून उभा हाये!” पन्नाशीच्या माणसाने आपल्या बुद्धीने केलेले हे पहिले अनुमान. अकरा मुले पाट्या काढून धावली. मी आयुष्यात प्रथमच सांगितले की हे लिहायचे नाही. कडूबाने विचारले, काऊन? मी म्हणालो, खरे आहे म्हणून. हिंमतरावांनी किसनला हाताला धरून जेवायला नेले. माझ्या बदलीचे नाव आज कोणी काढले नाही.

तिसरा व शेवटचा ता. क. – आता खरे काम. उत्तमराव शुक्रवारी मुलाला दुसरीकडे मुलगी पाहायला नेणार आहेत आणि किसन घरी न सांगता इकडे आला आहे. तरी त्यांनी विचारल्यास, तुम्हीच त्याला तुमच्यासाठी बैल आणायला धाडले, असे सांगावे, आणि शुक्रवारी तो बैल उधळला म्हणून किसनला दिवसभर अडकवून ठेवावे. पुढचे हिंमतराव स्वतः येऊन मिटवणार आहेत. तुम्हाला शेत नाही, गोठा नाही, तुमच्या अंगणात शेळी बांधली तर तुळशीला जागा उरत नाही, हे मी जाणतो. परंतु उत्तमरावांना अनुमान कोणी शिकवलेले नाही, हाच आपला आधार आहे. आपले बोलणे खोटे ठरू नये म्हणून किसनने मोतीरामाचा बैल खरोखरच घेतला आहे. तो या पत्राच्या आधीच तुमच्या दारात पोहोचेल. कडूबा सांगतो की उजव्या बाजूने जाऊ नका, मारतो. हे अनुमान नाही. बैलाने त्याला मारलेले आहे.