तीन माद्या आणि शेजारचा नर

आई, आपल्या बावखलाच्या पाण्यात आता तीनच बदकं उरली आहेत, आणि तिन्ही माद्या. नर भाद्रपदात गेला. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर तो बाहेरच राहिलेला होता, आणि केळींच्या ओळीत त्याची पिसं पसरलेली. कुत्र्यांचं काम. हल्ली रस्त्यावरची कुत्री टोळीनं वाडीत शिरतात, कुंपण सगळीकडून मोडलंय आणि ते बांधायला माझ्या गुडघ्यांत जोर नाही. मी पिसं गोळा केली, खड्डा केला, आणि आत येऊन चहा टाकला. तुम्ही असतात तर आधी कुत्र्यांना शिव्या घातल्या असत्या, मग मला. दार लावताना मोजली नाहीस का, म्हणून.

खरं दुःख नराचं नाही. तुमच्या मुलाचं आहे. यांचं विसरणं आता फार पुढे गेलंय. सकाळी हात धरून यांना बावखलाच्या पायरीवर आणून बसवते, हे बदकांकडे बघत राहतात आणि विचारतात, "नर कुठाय?" पहिल्या दिवशी मी सांगितलं, कुत्र्यांनी नेला. हे रडले. आपली लेक तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा हे असे रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न, परत तेच रडणं, जणू आत्ताच कळतंय. मग मी सांगणं टाळायला लागले. "असेल तिकडे पाण्यावर," म्हणायचे. तर हे उठून शोधायला निघायचे, आणि पाय घसरेल म्हणून मी यांच्या मागे.

लेक चंदनसारला राहते, फ्लॅटमध्ये. नोकरी, दोन मुलं, तिला तरी किती वेळा बोलवायचं? फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं आई, मग एक नर आण ना. बाबांना कुठे कळणार आहे तोच की दुसरा? आणि पिल्लं झाली तर मुलं पण येतील बघायला." किती सोपं वाटलं तिला. मलाही क्षणभर वाटलं. पण पिल्लं म्हटलं की खुडूक कोंबडी शोधा, तिच्याखाली अंडी ठेवा, घारी बघा, मुंगूस बघा. मला आता माझंच सगळं उरकत नाही.

मी मुंबईच्या दोन खोल्यांतून या घरात आले तेव्हा मला बदक आणि हंस यांतला फरक सांगता येत नव्हता, तुम्हाला आठवत असेल. तुमची घरची बोली तर मला अर्धी कळायचीच नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तुम्ही कोंडा भिजवत बसलेल्या, आणि मी मोठ्या हौसेनं म्हटलं, "आई, आपण अजून एक नर घेऊया का? जोड्या होतील." तुम्ही हातातलं पातेलं खाली ठेवलंत. एक मादी पकडलीत, तिची मान उलटी करून माझ्यापुढे धरलीत. मानेवर पिसं नव्हती, लाल कातडं दिसत होतं. "जोड्या लावायला हे लग्न नाही गो," म्हणालात. "पाच-सहा बायका असल्या की नर शहाणा राहतो. कमी पडल्या की जीव घेतो." मला फार राग आला होता. घरातल्या सगळ्यांसमोर बोललात म्हणून. दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

तरी तुमच्या हाताला माया होती, ती बोलण्यात यायची नाही इतकंच. माझी आई गेली, तेरावं करून मी परत आले, कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं. तुम्ही विचारपूस केली नाहीत. कोंबडीखालची टोपली उचललीत आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. आत नुकती फुटलेली बदकाची पिल्लं, ओली, पिवळी. "धर जरा. मला पाणी भरायचंय," म्हणालात आणि निघून गेलात. मला माहीत आहे, पाणी भरून झालेलं होतं.

तर नर आणायचा की नाही, यात दिवाळी गेली. मग कुंपणापलीकडची शेजारीण एक दिवस हाक मारून म्हणाली, "माझ्याकडे दोन नर आहेत, सारखे भांडतात. एक घेऊन जा, बघ राहतो का. नाहीतर नाताळात मी कापणारच." तिला तुम्ही ओळखत नाही, तिची सासू तुमची मैत्रीण. मी काही ठरवलं नव्हतं. पण मागे आपल्या पायरीवर हे परत उठून शोधायला लागलेले दिसले, आणि मी हात पुढे केला.

काय सांगू, आई. हिरव्या मानेचा, शेपटीवर ती वळलेली पिसं, घोगरा आवाज. यांनी त्याला बघितलं आणि म्हणाले, "आला बघ." एवढंच. त्या दिवशी हे पोटभर जेवले. दुपारी झोपले, मीही झोपले. किती महिन्यांनी. मला वाटलं लेक बरोबर बोलली.

आठवडाही झाला नसेल. थोरली मादी, ती जरा लंगडते, पाण्यावर येईनाशी झाली. झुडपात लपून बसायला लागली. धरून बघितलं तर मान सोलून निघालेली. हळद लावली आणि नराला दिवसा कोंडून ठेवायला सुरुवात केली. पण यांना तो कोंडलेला दिसला. "त्याला कशाला कोंडलंय?" म्हणून माझ्यावर ओरडले, आणि मी चुलीवरचा भात उतरवायला आत गेले तेवढ्यात यांनी दार उघडलं.

बाहेर आले तर नर तिच्या पाठीवर, पाण्यात, आणि तिचं डोकं पाण्याखाली. वर येतं, परत खाली जातं. मी ओरडले, काठी मारली, तो हलेना. शेवटी साडीसकट उतरले. कमरेएवढं पाणी, खाली चिखल, पाय निघेना. त्याला मानेला धरून बाजूला फेकला आणि तिला उराशी घेऊन कशीबशी पायरीपर्यंत आले. वर चढायला जमेना, म्हणून तिथेच बसले. मला रडू येत होतं ते तिच्यासाठी की माझ्या गुडघ्यांसाठी, कुणास ठाऊक. हे दोन पायऱ्या वर बसलेले. माझ्याकडे बघून काळजीनं म्हणाले, "आई, तू पाण्यात कशाला गेलीस?"

मी मागे वळून बघितलं. खरंच, तुम्ही आलात की काय म्हणून.

लेकीला सांगितलं तर म्हणाली, मग अजून माद्या आण, म्हणजे त्रास नाही होणार. बरोबरच आहे तिचं. तुम्हीही तेच केलं असतं. पण तुमच्या वेळी या घरात पाच माणसं होती आणि यांना स्वतःच्या हातानं घास घेता येत होता. मी दुसऱ्या दिवशी नर शेजारणीला परत दिला. ती म्हणाली, "ठेवू की कापू?" मी म्हटलं, "तुझं तू बघ, मला सांगू नको." नाताळ होऊन गेला. मी विचारलेलं नाही.

थोरली वाचली. मानेवर बारीक पिसं येतायत. अंडी आता कुणीच देत नाही, आणि मला ते बरंच वाटतं.

हे आत झोपलेत तोवर लिहितेय. पाठवायचं कुठेच नाही, वाचणारंही कुणी नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. हे अजूनही रोज विचारतात नर कुठाय. बायको म्हणून मी काहीही सांगितलं तरी यांना पटत नाही, रडतात नाहीतर चिडतात. पण कधी कधी मला "आई" म्हणतात. तेव्हा मी पदर तुमच्यासारखा खोचते, तुमच्या बोलीत, जी मला कधी धड आली नाही, सांगते की दिला पलीकडे. हे "बरं" म्हणतात आणि परत बदकांकडे बघत बसतात. आणि खरं सांगू का, तेवढा वेळ यांची बायको नसणं मला फार बरं वाटतं.