कारवीचं पहिलं पाणी

कर्वेनगर, पुणे
रविवार, ३ फेब्रुवारी २००२

प्रिय पूर्णिमा,

काल फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय. मी म्हटलं, सर्दी. सर्दी नाहीये. एसटीडी बूथवर मागे चार माणसं ताटकळत होती आणि मला जे सांगायचं होतं ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

तुझे बाबा गेल्यावर संशोधन संस्थेने मला घेतलं ते बाटल्या धुवायला. बाबा तिथे गाडी चालवायचे; मला गाडी येत नव्हती, भांडी येत होती. चार वर्षं तेच केलं. मग प्रियदर्शनी आली, जालन्याची, पीएच.डी. करायला. ती काय करते ते मी रोज विचारायची आणि घरी येऊन वहीत उतरवून ठेवायची. तिच्या गाइड मंदाकिनी मॅडमनी एकदा ती वही पाहिली आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचं अक्षर माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरं आहे, आणि हातही स्थिर आहे. शिका." सातवी शिकलेल्या बाईला असं कोण म्हणतं गं?

काम असं. कारवीच्या बिया वाटून त्यांचा अर्क काढायचा. त्यात शेकडो प्रोटीनं असतात, आपल्याला एकच हवं. काचेच्या उभ्या नळीत बारीक पांढरे मणी भरलेले असतात, त्यावरून अर्क थेंबाथेंबाने सोडायचा. हवं ते मण्यांना चिकटतं, बाकीचं पाण्याबरोबर खाली जातं. मग मिठाच्या पाण्याने चिकटलेलं सोडवायचं आणि नंबर घातलेल्या नळ्यांत धरायचं. मणी कोरडे पडू द्यायचे नाहीत, फेस येऊ द्यायचा नाही. हे सगळं कोल्ड रूममध्ये. तिचा जाड दरवाजा मागे बंद झाला की पहिले काही दिवस मी तो पुन्हा उघडून बघायची. बाबांना त्या रात्री शवागारात ठेवलं होतं, तिथलाही दरवाजा असाच होता. पण थेंब मोजायला लागले की भीती जायची. खरं सांगते, पाच वर्षांत तेवढाच वेळ मला बरं वाटायचं.

मॅडमचा एक नियम आहे: खाली आलेलं पहिलं पाणी कधी टाकायचं नाही. आपलं प्रोटीन कुठे गेलं ते जेलवर, म्हणजे प्रोटीनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या लिबलिबीत पट्टीवर, निळ्या रेघेत दिसेपर्यंत सगळं जपून ठेवायचं. हा नियम माझ्या वहीत आहे, खाली दोन रेघा मारून.

गुरुवारी प्रियदर्शनीला ताप होता. शेवटच्या मूठभर बियांचा अर्क नळीवर चढवून, वहीत नोंद करून ती खोलीवर गेली. पुढचं सगळं मी केलं, एकटीने, नीट. संध्याकाळी नळ्या ओळीने लावल्या, सिंकजवळची भांडी विसळली, पालथी घातली आणि निघाले. त्यात तो बीकरही होता. पहिल्या पाण्याचा. मला आठवतही नाही मी तो कधी उचलला. घासायचं भांडं दिसलं की माझा हात जातोच.

काल जेल पाहिलं. एकाही नळीची निळी रेघ नाही. या खेपेला ते मण्यांना चिकटलंच नव्हतं, पहिल्या पाण्यातून निघून गेलं होतं. मॅडमनी विचारलं, "पहिलं पाणी कुठंय?" प्रियदर्शनी पांढरीफटक पडली. म्हणाली, "माझ्याकडूनच राहिलं असेल, तापात लेबल लावलं नाही मी." मॅडम म्हणाल्या, "वा. मग डिग्रीपण सिंकमध्येच सोडा." कारवी सात वर्षांनी फुलते, पूर्णिमा. दोन वर्षांपूर्वी फुलली होती.

मी तिथेच उभी होते, हातात नळ्यांचा स्टँड. मला कुणी विचारलं नाही. मावशींना कोण विचारतं? आणि मी गप्प राहिले. सांगितलं तर त्या दाराच्या आत मला पुन्हा घेणार नाहीत, हेच डोक्यात होतं. जाताना ती पोरगी मलाच म्हणाली, "मावशी, तुम्ही किती नीट केलं होतं सगळं." काल रात्रीचं ताट अजून तसंच झाकून ठेवलंय.

अशी गप्प मी एकदा आधीही राहिले होते. बाबांच्या छातीत पंधरा दिवस दुखत होतं आणि तुझी परीक्षा होती. परीक्षेचं कारण मी लोकांना सांगितलं. खरं कारण हे, की तुला सांगितलं असतं तर तू त्यांना दवाखान्यात नेलंच असतंस, आणि डॉक्टर काय म्हणतील याची मला भीती होती. ते गेल्यावर तू विचारलंस, "आई, मला का नाही सांगितलंस?" मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर हे.

उद्या सकाळी चौकातल्या टपालपेटीत हे पत्र टाकून मग बस धरणार आहे. गुरुवारपर्यंत बंगळूरला पोचेल. गुरुवारी रात्री आठला शेजारच्या सुशीलाबाईंकडे फोन कर. जेवलीस का, औषध घेतलंस का, काही विचारू नकोस. एवढंच विचार, की मॅडमना सांगितलंस का. आणि मी सर्दीचं नाव काढलं, तर फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आई