शेतातल्या घराची आणि उन्हाच्या विजेची व्यवस्था

मी, जयमाला उद्धव सोनोने, वय अडुसष्ट, व्यवसाय शेती, राहणार धामणगाव बढे शिवारातलं शेतातलं घर, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. गार्गी इंगळे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मोताळ्याच्या वकील अपेक्षा नारखेडे यांनी कायद्याचे शब्द सांगितले, बाकीचे माझे आहेत. एवढं लांब लिहायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. पण कोणाला काय एवढंच लिहिलं आणि का ते लिहिलं नाही, तर मागून भांडणं होतात. आमच्या घराण्यात ती पुरेशी झाली आहेत.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझे पती कै. उद्धव हे शाळेत शिक्षक होते. आम्हाला प्रतीक्षा ही एकच मुलगी. ती व जावई विहंग नाशिकला असतात. वावर आणि त्यातलं घर प्रतीक्षाच्या संमतीने माझ्या एकटीच्या नावावर आहे.

२. या घराला विजेची लाईन नाही, ती का नाही हे आधी सांगते. वाटणी झाली तेव्हा विहिरीवरून माझ्या यजमानांचं आणि थोरले दीर भगवानराव यांचं बिनसलं. लाईनचा खांब भगवानरावांच्या वावरातून यायला हवा होता. ते म्हणाले, "माह्या वावरात खांब उभा राहनार नाई." राहिला नाही. प्रतीक्षा कंदिलाच्या उजेडात शिकली. हा राग मी पुष्कळ वर्षं सांभाळला, हे इथे स्पष्ट नमूद करते.

पुढे निवृत्तीनंतर यांनी छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या, खाली बॅटऱ्यांची खोली केली. दुपारी बॅटऱ्या भरल्या की पुढचं ऊन फुकट जाई, आणि ते यांना बघवत नसे. "ऊन वाया चाललं, काही तरी लाव," म्हणत घरभर फिरायचे. म्हणून दुपारी मोटार लावून वरची टाकी भरायची, फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांचा बर्फ करायचा, म्हणजे संध्याकाळी फ्रिज बंद केला तरी दूध टिकतं. बॅटरीत मावत नाही ती वीज पाण्यात आणि बर्फात ठेवायची, असं ते म्हणत. मग घरघंटी आणली. आसपासच्या वावरांतल्या बाया दळण घेऊन येऊ लागल्या. मनकर्णाबाई तर दळणापेक्षा गप्पांसाठी जास्त यायच्या. मी कोणाकडून काही घेतलं नाही. ऊन माझं नव्हतं.

३. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वादळ झालं, त्याबद्दल. तेव्हा हे जाऊन वर्ष झालं होतं. भगवानराव बुलढाण्याच्या दवाखान्यातून नुकते घरी आले होते. फुप्फुसं थकलेली, ऑक्सिजनचं मशीन सतत लावलेलं, आणि ते विजेवर चालणारं. वादळाने गावाकडच्या लाईनचे खांब आडवे केले. सकाळी मी प्लेटा पुसून खाली उतरले, तर माझ्या थोरल्या जाऊबाई, रुखमाबाई, धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, चालत अंगणात आलेल्या. वाटणीनंतर पहिल्यांदा.

"जयमाला, तुह्या घरी लाईट हाय ना?"

"हाय, बाई."

"शिलिंडर सरून राह्यलं. त्याहिले इकडं आनू का?"

"विचारता काऊन? आना."

"ते येत नाई म्हनतात. म्हनतात, ज्या घरी खांब जाऊ देल्ला नाई, तिथं कोन्या तोंडानं जाऊ."

"नाक घेऊन या म्हना. नळी नाकाले लागते."

रुखमाबाई हसल्या. मग ओट्यावर बसून रडल्या.

शेजारच्या गणेशने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट टाकून भगवानरावांना आणलं. दिवसा अडचण नव्हती. मशीन उन्हावर चाले आणि बॅटऱ्याही भरत. रात्रीसाठी मी बाकी सगळं बंद केलं: फ्रिज, पंखे, एक सोडून सगळे दिवे. असे दिवस निभत होते. मग एके दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं. संध्याकाळी बॅटऱ्या अर्ध्याही भरल्या नव्हत्या.

"पुरंल का?" रुखमाबाईंनी विचारलं.

"पुरंल," मी म्हणाले. पुरणार नाही हे मला दिसत होतं.

दुपारी घरघंटी बंद बघून दळण न दळताच परत गेलेल्या बायांनी घरी जाऊन काय सांगितलं मला ठाऊक नाही. दिवेलागणीला गणेश आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून घेऊन आला. त्याच्या मागून मनकर्णाबाईंचा नवरा आला, आणखी दोघं-तिघं आले, प्रत्येकाच्या खांद्यावर बॅटरी. गावात वायरिंगचं काम करणाऱ्या दीपक तायडेने त्या एकमेकींना जोडून आमच्या तारेला लावल्या. उजाडलं तेव्हा मशीन चालू होतं.

त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खिडकीजवळच्या खाटेवरून भगवानराव बाहेर बघत होते. थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा प्रत्येक शब्द मला "सांग तिले" असा जाऊबाईंमार्फत आला होता. त्या दिवशी ते म्हणाले, "जयमाला, बॅटरी भरून राह्यली का?"

मी पदर सावरून म्हणाले, "हो, भरून राह्यली."

बस, एवढंच बोलणं. माझ्या मनातला खांब तेव्हा पडला.

लाईन आल्यावर परत जाताना ते म्हणाले, "वावरातून खांब घाल. मी सही देतो." मी म्हणाले, "खांब आता नको. वाट द्या. बायांना दळण घेऊन लांबून यावं लागते, पावसाळ्यात चिखलातून." त्यांनी धुऱ्यालगतची पायवाट त्याच आठवड्यात मोकळी करून दिली. त्या हिवाळ्यात ते गेले. ती वाट आता त्यांचा मुलगा राजकुमार याच्या वावरात आहे, ती द्यायचा अधिकार मला नाही. राजकुमार, काकूची विनंती एवढीच, की ती नांगरू नकोस.

४. रुखमाबाई तेव्हापासून माझ्याजवळ राहतात. राजकुमारने त्यांना पुण्याला नेलं होतं. महिनाभरात परत आल्या. "तिथं खिडकी उघडली का दुसऱ्याचं सैपाकघर दिसते," म्हणाल्या. तरी मी असं ठरवते की माझ्यामागे या घरात राहण्याचा, घरातली वीज व पाणी वापरण्याचा आणि घरघंटी चालवण्याचा हक्क श्रीमती रुखमाबाई भगवानराव सोनोने यांना त्यांच्या हयातीपर्यंत राहील. त्यांना कोणीही उठवू नये, आग्रह करून नेऊही नये. त्यांच्यानंतर घर व वावर प्रतीक्षाचं.

५. बँकेतली ठेव प्रतीक्षाला, पण आधी त्यातून नव्या बॅटऱ्या घ्यायच्या. जुन्या आणखी फार चालणार नाहीत. प्रतीक्षा, बॅटऱ्यांतलं पाणी बघत जा, नळाचं घालू नकोस. प्लेटा सकाळी गार असताना पुसायच्या, तापलेल्या काचेवर पाणी नको. विहंगराव गुणाचे आहेत, मला लेकासारखे आहेत. पण मागच्या उन्हाळ्यात त्यांनी रात्रभर कूलर चालवला आणि पहाटे घरात अंधार झाला. कूलर दुपारी लावावा. रात्री अंगणात खाट टाकावी, वारा चांगला येतो.

६. यांची हत्यारं, म्हणजे पाने, पकडी, मीटर आणि बॅटरीचं पाणी तपासायची काचेची नळी, गणेशला. लाकडी पेटीसकट.

७. माझ्या पाटल्या आणि डोरलं प्रतीक्षाला. लुगडी मनकर्णाबाईंनी आवडतील ती घ्यावीत, उरलेल्यांच्या गोधड्या कराव्यात.

८. या सगळ्याची अंमलबजावणी वकील अपेक्षा नारखेडे यांनी करावी.

सही करण्याआधी जे घडलं तेही लिहून ठेवते. साक्षीदार आले, पेन काढलं, तेव्हा रुखमाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "एक सही मी करते. माह्याइतकं हिले कोन ओळखते?"

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, ज्यांना मृत्युपत्रात काही दिलेलं असतं, त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं."

रुखमाबाई माझ्याकडे वळल्या. "मले काय देल्लं तुनं?"

"राहाले घर, बाई."

त्या माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे तू आधी जाशीन, असं ठरवलं का? मोठी त मी आहो."

रुखमाबाईंचं हे म्हणणं त्यांच्या आग्रहावरून इथे लिहिलं आहे.

हे मृत्युपत्र मी सर्वांसमोर वाचून दाखवलं आणि मग खाली सही केली. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं, आणि माझ्यादेखत त्यांनी आपल्या सह्या केल्या.

सही: जयमाला उद्धव सोनोने

साक्षीदार:
डॉ. गार्गी इंगळे, मोताळा
दीपक तायडे, धामणगाव बढे

स्थळ: शेतातलं घर, धामणगाव बढे शिवार, ता. मोताळा, जि. बुलढाणा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५