फक्त बाबांसाठी

बाबा, तुम्हाला पुन्हा पत्र लिहायचं नाही असं मी तेराव्या वर्षी ठरवलं होतं. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, म्हणून लिहितेय. आता हे तुम्ही कुणाला वाचून दाखवू शकत नाही.

झाशीत आपली पाच मराठी घरं. कुणाकडेही पत्र आलं की रविवारी ओरछा गेटजवळच्या आपल्या घरी सगळे जमायचे, पोह्यांच्या बश्या फिरायच्या आणि तुम्ही खड्या आवाजात वाचायचात. पाकीट आधी फोडायचं नाही आणि वाचताना मध्येच थांबायचं नाही, हा तुमचा नेम. मराठी कानावर पडावी म्हणून लोक दुसऱ्याच्या आजीची गुडघेदुखीही कौतुकानं ऐकत. नागपूरच्या वसतिगृहातून मी लिहिलं होतं, 'बाबा, मी अजून अंथरूण ओलं करते. मुली चिडवतात. मला न्यायला या.' वर लिहिलं होतं, 'फक्त बाबांसाठी'. तुम्ही तेही वाचलंत. सगळे हसले, तुम्हीही हसलात. न्यायला आला नाहीत. सुट्टीत घरी आले तेव्हा त्याच घरांतल्या मुली हिंदीत ओरडल्या, "क्यों री, गद्दा सूखा कि नहीं?"

म्हातारपणी तुम्हाला फोनवर ऐकू येईना. तुम्ही मेसेज करायचात, 'एक पत्र लिही. हातानं. इथे आता कुणाकडेच पत्र येत नाही, रविवार जाता जात नाही.' मी नुसता अंगठा पाठवायचे. 'चार ओळीही चालतील.' पुन्हा अंगठा. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? शेवटी एका पाकिटात कोरा कागद घालून धाडला. म्हटलं, वाचा आता खड्या आवाजात.

पंधरा दिवसांनी आपल्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "काय सुंदर पत्र लिहिलंस गं बाई! आमच्यासमोरच फोडलं. जरा थांबले, चष्मा पुसला, मग वाचलं. वसतिगृहाचं ते सगळं तू माफ केलंस म्हणे, आमचे तर डोळेच भरले. अक्षर बघू म्हटलं तर देईनात, खिशात घातलं."

मला संताप आला, बाबा. माझी माफीसुद्धा तुम्ही परस्पर घेऊन टाकलीत, तीही चार माणसांत. महिन्याभरात तुम्ही गेलात. मी अजून माफ केलेलं नाही, हे ठणकावून सांगायलाच आज कागद घेतला.

एकच कबूल करते. काकूंनी विचारलं होतं, "एवढं सगळं तूच लिहिलंस ना गं?"

मी म्हटलं, "हो काकू, मीच."